पिवळी चड्डी

मार खाल्ल्याशिवाय माणूस घडत नाही, असं दातांच्या डॉक्टरांनी बायकोला ठणकावून सांगितलं. मग मैदानावर जाऊन त्यांनी स्वतःचं वय आठ वर्षांनी वाढवलं.

पोक्त मंडळींसाठी सौम्य केलेल्या या रग्बीत वय चड्डीवर दिसतं. काळी चाळिशीची, लाल पन्नाशीची, पिवळी साठीच्या पुढची. चेंडू घेऊन पळणाऱ्या पिवळीवाल्याला इतरांसारखं अंगावर जाऊन पाडायचं नाही. नुसता हात लावायचा, की तो थांबतो. डॉक्टर अजून पन्नाशीतच होते. पण दात कसे पडतात हे त्यांना धंद्यामुळे जरा जास्तच ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पिवळी चढवली.

चेंडू काखेत मारून डॉक्टर सुटले. समोरचे हात लावायला येत तेसुद्धा अदबीने. तोवर हे पसार. दोनदा त्यांनी रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले. बायको बाकावर उभी राहून टाळ्या पिटत होती. तेवढ्यात एक धिप्पाड लाल चड्डीवाला चुकून आपटला आणि गडबडून म्हणाला, "माफ करा हं काका, लागलं नाही ना?" त्याचं टक्कल डॉक्टरांच्या टकलापेक्षा बरंच जुनं होतं. डॉक्टरांचे कान तापले. पुढचा सगळा वेळ त्यांनी बायकोकडे बघायचं टाळलं.

समोरच्या संघात पिवळ्या चड्डीत एकच आजोबा होते. चेंडू त्यांच्या हाती आला, की भिंतीचा रंग वाळलाय का बघावं तसं कोणीतरी एक बोट लावी आणि मागे सरके.

सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत आजोबा मुद्दाम डॉक्टरांशेजारी येऊन बसले. "बरं झालं आलात. या रंगात मी एकटाच उरलो होतो."

डॉक्टरांना राहवेना. मोज्यांकडे बघत ते पुटपुटले, "आजोबा, मी त्रेपन्न वर्षांचा आहे. पडायची भीती वाटते, म्हणून खोटं सांगितलं."

"तुम्ही पळालात तेव्हाच कळलं."

"बाहेर जाऊन सगळ्यांना सांगतो. पुढच्या वेळी लालच घालतो."

"छे, छे. नका सांगू." आजोबांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "जन्मभर पडलो, पाडलं. आता सगळे जपतात हो. मेल्याहून मेल्यासारखं होतं. लालवाल्यांची हिंमत होत नाही. पण म्हाताऱ्याने म्हाताऱ्याला पाडलं, तर पंच काणाडोळा करतील."

आजोबा बाकावर आणखी जवळ सरकले.

"पुढच्या रविवारी मला एकदा पाडाल का? हळूच पाडलंत तरी चालेल."