बॉनेटआड

गाडीतलं कूलंट आम्ही दोघं मिळून बदलायचो. जुनं टबात सोडायचं, रेडिएटर पाण्याने धुऊन काढायचा, नवं हिरवं ओतायचं, ही माझी कामं. मग आतली हवा निघून जावी म्हणून इंजिन चालू ठेवावं लागतं. तेव्हा आमची ही स्टिअरिंगवर बसायची. उघड्या बॉनेटमुळे आम्ही एकमेकांना दिसायचो नाही. मी ओरडायचो, "रेस दे!" ती हटकून जास्त द्यायची. "अगं, हळू! शर्यतीला निघालीस का?" यावर ती हॉर्न वाजवायची. एकदाच, छोटासा. बुडबुडे थांबले की मी म्हणायचो, "बंद कर." मग ती खाली उतरायची.

ती गेल्यानंतर या कामाला आज पहिल्यांदाच हात घातला. गाडी चालू करून मी पुढे आलो, कूलंट ओतलं आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "रेस दे."

इंजिनाने रेस घेतली. हटकून जास्त.

मी डबा खाली ठेवला. "अगं, हळू," मी कसंबसं म्हणालो.

हॉर्न वाजला. छोटासा.

तो ऐकून मुलगी घरातून बाहेर आली. "बाबा, मला हाक मारायची ना, मी बसले असते की," म्हणत तिने गाडीच्या काचेतून आत पाहिलं, आणि ती तशीच उभी राहिली.

बुडबुडे केव्हाच थांबले होते.

मुलगी एकेक पाऊल टाकत माझ्यापाशी आली. माझा दंड घट्ट धरून, आत ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "बाबा, एवढ्यात 'बंद कर' म्हणू नका."