चटईखालचा हात

उजाडायच्या आधीच ते येऊन बसले होते. सेफोने झावळ्यांचा पडदा वर ओढला, तेव्हा अंगणात मिकाएलेच्या घरची माणसं माना खाली घालून बसलेली दिसली. सगळ्यांच्या पुढे एकजण डोक्यावरून तलम चटई पांघरून बसला होता. शेजारी सरपण, दगड आणि केळीची पानं. आम्ही चुकलो, हवं तर भट्टीत घालून भाजा आम्हाला, असा त्याचा अर्थ, आणि तो आमच्या सामोआत शेंबड्या पोरालाही कळतो. ज्यांच्या दारात बसले, त्या घरच्या कर्त्याने चटई उचलली तर माफी, आणि त्या विषयावर पुन्हा कुणी ब्र काढायचा नाही. नाही उचलली तर मग दगड आहेतच.

चटईखाली कोण आहे, ते कुणी सांगायची गरज नव्हती. सेफोचा थोरला मुलगा पेनी चार वर्षांपूर्वी अळूच्या मळ्यात डोकं फुटून मेला होता. त्याच संध्याकाळी मिकाएले बोटीत बसला आणि न्यूझीलंडला निघून गेला. गावाला आणखी काय हवं होतं?

मिकाएलेचा जीव पेनीच्या बहिणीवर, फेतुआओवर जडला होता, आणि पेनीला ते खपत नव्हतं. आमच्याकडे भाऊ म्हणजे बहिणीचा राखणदार. तिच्यासमोर तो आवाज चढवत नाही, तिचं पान वाढल्याशिवाय जेवत नाही, आणि तिच्यामागे फिरणाऱ्याची हाडं मोकळी करतो. पेनीने तर भर चर्चच्या दारात सांगितलं होतं, की या मिकाएलेला मी जिवंत सोडणार नाही. असं म्हणणाराच मेला, तेव्हा संशय दुसऱ्या कुणावर जाणार?

फेतुआओ चुलीपाशी कोको ढवळत होती. अंगणात नजर गेली आणि तिचा हात थांबला. ते खांदे ओळखायला तिला चेहरा लागत नव्हता. याच माणसासाठी ती झुरत बसली होती, आणि लेपेका आत्या तिला त्यावरून सोडत नसे. "शाळामास्तर आला, त्याला नाही म्हणालीस. बोटीचा कप्तान आला, त्यालाही नाही. आता काय देवमाशाशी लग्न लावू तुझं?"

फेतुआओच्या हाताला गुण होता. एखाद्याचा हात धरला, की त्याच्या मनात सगळ्यांत खोल रुतलेलं जे काही असेल, ते तिला त्याच्या डोळ्यांनी दिसायचं. पाद्रीबाबा हे ऐकून नाक मुरडत, पण त्यांची डुकरीण चोरीला गेली तेव्हा त्यांनीही तिलाच बोलावलं होतं.

पेनी गेला, तेव्हा मेलेल्याच्या हातातून काही येत नाही, असं तिने सांगितलं. मग सेफोने गावातल्या एकेका पुरुषाचा हात तिच्या हाती दिला. कुणीच ते पाहिलेलं नव्हतं. राहिला फक्त मिकाएले.

तेव्हापासून तिला तो हात हवा होता. त्या दुपारी त्याने काय पाहिलं, एवढंच तिला कळायला हवं होतं. काही न बोलता का गेला? साधा निरोपसुद्धा का नाही? त्याची आठवण आली की तिला घास जात नसे. आणि पाठोपाठ भीती वाटे, की खरं दिसलं तर पुन्हा त्याची आठवण काढायलाही आपल्याला तोंड उरणार नाही.

ऊन चढलं, तरी सेफो जागचा हलेना. पेनीचे चुलतभाऊ दगडांजवळ सरकू लागले.

"दादा, उचल ती चटई, नाहीतर नाही म्हण," लेपेका म्हणाली. "माणसांना असं टांगून ठेवू नये."

"ज्याने केलं त्याला मी माफ करीन," सेफो म्हणाला. "पण घराण्याचं नाव राखायला कुणीही येऊन बसतं. फेतु, जा, हात धर त्याचा. हाच होता का, तेवढं सांग."

मिकाएलेच्या काकाने मान वर न करता विचारलं, की पोरगा स्वतः कबूल करतोय, मग आणखी काय पाहिजे? त्याच वेळी चटईखालून आवाज आला.

"तिला नका पाठवू. मी सांगतोय ना, मीच मारलं. फेतु, घरात जा."

फेतुआओ घरात गेली नाही. ती अंगण ओलांडून त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने चटईखाली हात घातला.

"हात दे."

"नको गं. ऐक माझं."

"खूप वाट पाहिली मी. दे."

त्याने हात मागे ओढू पाहिला, पण तिने तो घट्ट धरला, आणि मळा दिसू लागला. पायवाटेच्या कडेला पेनी कोयता घेऊन दबा धरून बसला होता. मिकाएले रोज ज्या बाजूने यायचा, तिकडे त्याची नजर होती. त्या दिवशी मिकाएले नेमका दुसऱ्या बाजूने, केळीतून आला होता. हाक मारणार, तोच पेनीच्या मागून कुणीतरी अनवाणी येताना त्याला दिसलं, दोन्ही हातांनी दगड उचललेलं. दगड खाली आला. मारणारीने मान वर केली. ती फेतुआओ होती.

"म्हणजे तू पाहिलंस," ती पुटपुटली.

"कुणीतरी पळून जायला हवं होतं," मिकाएले कुजबुजला. "नाहीतर सगळ्यांनी तुला शोधून काढलं असतं."

तिचे डोळे भरून आले. तो तिला भिऊन गेला नव्हता. सगळं ठाऊक असून तो तिच्यासाठी परत आला होता.

"काय दिसलं, फेतु?" सेफोने विचारलं. "हाच होता ना?"

फेतुआओने चटईची कड उचलली, आत शिरून मिकाएलेच्या शेजारी मांडी घातली, आणि बापापुढे मान खाली घातली.