पाय कुठे ठेवायचा तेवढं

“हिच्या चहात साखर घालू का?” निवाऱ्याचा कारभारी कोर्नेल तिच्या बापाला, वेंडेलिनला, विचारत होता.

झेल्मीराच्या पाठीवरून बटाट्यांचं पोतं नुकतंच उतरलं होतं. पायथ्याच्या छपरीतून जो कोणी निवाऱ्यासाठी ओझं वर आणील त्याला चहा फुकट, हा तात्राच्या डोंगरांतला जुना रिवाज. या वर्षी बापाने नुसते पाव उचलले होते. बटाटे तिचे होते.

“बटाटे वाहायला मी चालते,” ती म्हणाली, “आणि साखरेचं बाबांना विचारता? मला तोंड आहे. दोन चमचे. आणि रम विसरू नका.”

बाकावरचं कोणीतरी फिसकन हसलं. कोर्नेलने दोन चमचे साखर घातली, रम ओतली. पेला मात्र त्याने बापापुढेच टेकवला, आणि बापाने तो तिच्याकडे सरकवला.

झेल्मीरा चाळिशी ओलांडलेली, शाळेत इतिहास शिकवणारी बाई. घराच्या दोन भिंती तिच्या जाडजूड पुस्तकांनी व्यापलेल्या. तरी लोक तिला ओलांडून बापाशी बोलत. डॉक्टर बोलत, दुकानदार बोलत, पाद्रीबाबाही बोलत. त्याचा संताप तिला जन्मभर पुरला होता. पण डोंगरात तरी तो खाली ठेवता यावा, एवढंच तिचं मागणं होतं.

“काका, उद्या खिंडीवरून जाऊ नका,” कोर्नेल म्हणाला. “कड्यावरच्या साखळ्या ओल्या आहेत. तुम्ही सत्तरीच्या पुढचे, आणि वर ही.”

“ही म्हणजे कोण?” झेल्मीरा उसळली. “आम्ही दर सप्टेंबरात ती खिंड ओलांडतो. पहिल्यांदा ओलांडली तेव्हा तुम्ही शेंबूड पुसत होतात.”

“रागावू नको, पोरी,” बाप म्हणाला. “त्याला काळजी वाटते.”

“मग ती माझ्याशी बोलावी.”

दिवे मालवल्यावर माळ्यावर घोरणं सुरू झालं. ती पांघरुणात पुस्तक वाचत राहिली. शेजारी बापाचा श्वास मधेच अडखळायचा, मग पुढे जायचा.

सकाळी बाप पुढे, ती मागे. त्याच्या पाठपिशवीला मेंढीच्या गळ्यातली घंटा बांधलेली असायची. मागून येणाऱ्या तरुणांपैकी एकाला राहवलं नाही.

“आजोबा, मेंढरं कुठे राहिली?”

“एकच आहे,” बाप म्हणाला, “आणि तीही ऐकत नाही.”

कड्याला लागल्यावर बाप थोडं चढायचा, थांबायचा, वरून सांगायचा. “डावा पाय गुडघाभर वर. साखळी खांद्याशी. उजवीकडे काही नाही.”

“अहो, लहान आहे का ती? चढू द्या की तिची तिला!” खालून एक तरुण ओरडला.

“तुम्ही आपले बूट सांभाळा!” झेल्मीराने खाली फटकारलं. हातातल्या साखळीइतकाच तिचा आवाज गार होता.

खरं तर बाप जास्त सांगतच नसे. ती बारा वर्षांची असताना पहिल्यांदा या खिंडीत पोचली, तेव्हा तो भरभरून बोलायला लागला होता. तिने त्याला तिथेच तोडलं होतं. “बाबा, पाय कुठे ठेवायचा तेवढं सांगा. बाकीचं मला नको.” तेव्हापासून तो तेवढंच सांगत आला.

वर पोचल्यावर मागचे तरुण एकदम गप्प झाले. इथे सगळेच होतात. बापाने छाती भरून श्वास घेतला, काही सांगायच्या बेतात असल्यासारखा, आणि दर वर्षीसारखाच तो सोडून दिला.

“चल. खाली दगड सुटे आहेत.”

पलीकडच्या निवाऱ्यात त्यांनी लसणाचं गरम सार घेतलं. बापाने तिच्या वाडग्यात पावाचे मोठाले तुकडे कुस्करून टाकले, तिला आवडायचे तसे. पहाटे तो उठला नाही.

बचाव पथकाचा माणूस आला तो सैपाकघरातल्या बाईकडे वळला. “हिच्यासोबत आता कोण आहे?”

“मी आहे माझ्यासोबत,” झेल्मीरा म्हणाली.

तरी तिला कोणी चालत उतरू दिलं नाही. हेलिकॉप्टरमध्ये बसवलं. पट्टासुद्धा परक्या हातांनी आवळला. बापाच्या गार मनगटावर हात ठेवून ती बसली होती, आणि रडू यायच्या आधी तिला आला तो राग.

घरच्यांनी ठरवून टाकलं: डोंगर आता पुरे. तुला कोण नेणार? पुढच्या सप्टेंबरात तिची भाची बिबियाना आली. ती निवाऱ्यांवर ओझी वाहायची.

“आत्या, बटाटे किती उचलशील?”

घंटा बिबियानाच्या पिशवीला बांधली. पहिल्या निवाऱ्यात कोर्नेलने पेला थेट झेल्मीराच्या हातात दिला. “दोन चमचे,” तो पुटपुटला. “आणि रम.” तिने भांडण तयार ठेवलं होतं. ते गिळावं लागलं.

साखळ्या कोरड्या होत्या. “डावा पाय गुडघाभर वर,” बिबियाना वरून सांगत होती. “साखळी खांद्याशी.” शब्द बापाचेच होते. आवाज तेवढा कोवळा.

खिंडीत तोंडावर ऊन आलं. पुढे पोचलेली माणसं गप्प उभी होती.

“चल आत्या,” बिबियाना म्हणाली. “खाली दगड सुटे आहेत.”

झेल्मीरा हलली नाही. हात पुढे करून तिने घंटा मुठीत धरली. ती वाजायची थांबली.

“बाबा,” ती मोठ्याने म्हणाली, “मला दिसत नाही. जन्मल्यापासून नाही दिसत. सांगा ना, समोर काय काय आहे?”