इंजिन खाली असताना

मेकॅनिकने तेलाच्या दाबावर चालणारा सिलिंडर आणि बोटीच्या मागे टांगलेले इंजिन यांना जोडणारा बोल्ट काढला, दांडा मोकळा केला आणि सुकाणूच्या चाकाशी उभ्या असलेल्या मेहुण्याला म्हणाला, "आता फिरव."

मेहुण्याने दोन्ही हातांनी जोर लावला. चाक कसेबसे पाव फेरा फिरले.

"जडच आहे, दाजी. होतं तस्संच."

हे काही बरे झाले नाही. चाक हलके झाले असते, तर दोष इंजिनाच्या सांध्यात निघाला असता. सांध्यातले ग्रीस आपोआप वाळते. वाळलेल्या ग्रीसबद्दल कोणाला जाब विचारत नाहीत. आता संशयित एकच उरला होता: चाकापासून सिलिंडरपर्यंतचा तेलाचा मार्ग. तेल पुरेसे होते. आत हवा असती, तर चाक जड नव्हे, पोकळ लागले असते. आणि हाच मार्ग त्याने मागच्या महिन्यात स्वतः तपासून निर्दोष ठरवला होता.

तेव्हा या चाकाशी त्याचे सासरे उभे असत. कामगारांना खाडीपलीकडच्या कारखान्यात नेणारी बोट. तिच्यावर त्यांचा हात बसलेला. चाक जड लागतंय, असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि एका सकाळी बोट वेळेवर वळली नाही, धक्क्याला घासली. कोणाला लागले नाही. मेकॅनिकने बोट उतारावर ओढून घेतली, चाक एका बोटाने फिरवून पाहिले, आणि रात्री सगळे घर जेवायला बसलेले असताना निकाल दिला. दोष चाकात नाही, मनगटात आहे.

"म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं," सासूबाई म्हणाल्या.

"अंगण मी तपासलंय, आई. सरळ आहे."

सगळे हसले. सासरेही हसले, जरा उशिरा. दुसऱ्या दिवशी चाक मेहुण्याकडे गेले आणि सासरे धक्क्यावर उभे राहून प्रवाशांना लाइफ जॅकेटे वाटू लागले. मनगटाला व्यायाम हवा, म्हणून जावयानेच त्यांना एक रबरी चेंडू आणून दिला.

"इतके दिवस बोलला का नाहीस?" मेकॅनिकने आता विचारले.

"काय बोलणार? तुम्ही म्हणाला असतात, घरात आणखी एक मनगट निघालं," मेहुणा खांदा चोळत म्हणाला.

मेकॅनिकने कळ दाबून इंजिन पाण्याबाहेर उचलले.

"फिरव."

चाक एका बोटाने फिरले. त्याने इंजिन पुन्हा खाली सोडले. चाक पुन्हा जड.

उतारावर ओढलेल्या बोटीचे इंजिन नेहमी वर उचललेले असते; नाही तर पंखा जमिनीला टेकतो. म्हणजे बोट ज्या स्थितीत कधीच चालत नाही, नेमक्या त्या स्थितीत त्याने ती तपासली होती. दुसऱ्या कोणी असे केले असते, तर त्याने त्याची आठवडाभर पाठ सोडली नसती.

मागच्या फळीपाशी वाकून त्याने तेलाच्या नळीवरून बोटे फिरवत नेली. इंजिन खाली आले की नळी एका जागी दुमडत होती. तिथे ती इंधनाच्या नव्या नळीबरोबर केबल टायने, प्लॅस्टिकच्या बारीक पट्टीने, घट्ट आवळलेली होती. टायचे टोक कापून, घासून गोल केलेले. कोणाच्या हाताला बोचू नये म्हणून अशी टोके गोल करणारा धक्क्यावर एकच मेकॅनिक होता, आणि हा गुण लोकांना तो स्वतःच दाखवत असे.

त्याने टाय कापला. नळी सरळ केली, बोल्ट परत बसवला आणि कापलेला टाय उजव्या मुठीत घेतला. इंजिन खालीच होते. मेहुण्याने चाक फिरवले आणि चकित होऊन मागे पाहिले.

"काय होतं, दाजी?"

"नळी दुमडली होती."

वाक्य खरे होते. दुमडणारा तेवढा त्यात नव्हता.

तेवढ्यात सासरे बोटीत उतरले. उजव्या हातात चेंडू, दाबणे चालूच. "सरक जरा," ते मुलाला म्हणाले, "बघू तरी हात काय म्हणतो." त्यांनी चाक डावीकडे पूर्ण फिरवले, मग उजवीकडे. मग एका बोटाने.

"घ्या, जावईबापू. चेंडूचा गुण आला."

मेहुण्याने तोंड उघडले, दाजींकडे पाहिले आणि मिटले.

"बाबा..." मेकॅनिक म्हणाला.

"ऐका तर. मला पटलं नव्हतं हो तेव्हा. हात सांगत होता, चाक जड आहे. पण म्हटलं, यांनी तपासलंय म्हणजे आपलाच हात खोटं बोलत असणार." त्यांनी चेंडू पुढे धरला. "आता हा तुम्ही वापरा. म्हातारपण काय, सगळ्यांनाच येतं."

मेकॅनिकने डावा हात पुढे केला.

"डाव्यात काय करायचाय? कामाचा हात आणा."

चेंडू घ्यायचा तर मूठ उघडावी लागणार होती. त्याने ती उघडली.

सासऱ्यांनी तळहातावरचा टाय पाहिला, त्याचे गोल टोक पाहिले. मग मागे वळून नळी पाहिली; दुमडीची पांढरट रेघ तिच्यावर अजून होती. चाकावर ठेवलेला त्यांचा हात तिथेच राहिला.

"इंजिन वर असताना मी..." मेकॅनिक बोलू लागला.

"इथं नको."

त्यांनी चेंडू त्या टायवरच ठेवला आणि जावयाची बोटे एकेक करून त्यावर मिटवली.

"रात्री जेवताना सांगा. त्या दिवशीही सगळे होते."