डावी भुकटी

संचालकांनी काळ्या भुकटीची कुपी पत्रकारांसमोर उंच धरली. कुपीवर ‘ब’ लिहिलं होतं. त्यांनी समजावून सांगितलं की अमिनो आम्लांचे रेणू चपलांसारखे असतात, डावे आणि उजवे. निर्जीव दगडात दोन्ही निम्मे निम्मे, सजीवांत मात्र फक्त डावे. आणि कुपीतल्या या उल्केच्या भुकटीत निघाले ते सगळे डावेच. म्हणजे जीवसृष्टीचं डावं वळण आकाशातून आलं, आणि हे शोधलं त्यांनी. नम्रतेचं आणि त्यांचं लहानपणापासूनच वाकडं होतं.

मागे सहायक बाई उभ्या होत्या. बावीस वर्षं हातमोजे घालून, श्वास रोखून त्यांनी मोजण्या केल्या होत्या. तीन महिने त्यांना ‘अ’ कुपीत डावे-उजवे समान मिळाले आणि ‘ब’ कुपीत काहीच नाही. त्यांना हातगुणच नाही, असं संचालकांनी सगळ्यांदेखत सुनावलं आणि काम स्वतःकडे घेतलं. पंधरा वर्षांत संचालकांच्या हातून उद्घाटनाच्या फिती तेवढ्या कापल्या गेल्या होत्या. हातमोज्यांत त्यांना खाज सुटे, शिवाय अंगठी दिसत नसे. भाजीत मीठ टाकावं तशी ते चिमटीनं भुकटी उचलत. पहिल्याच खेपेला ‘ब’ कुपीत डाव्यांचा सुकाळ झाला.

कुठल्या कुपीत उल्का आणि कुठल्या कुपीत ताडून पाहायला साधा दगड, हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून भांडारपाल ते लिहून पाकिटात बंद करून ठेवत. मोजणी संपली की पाकीट फोडायचं. संचालकांना त्याची गरज वाटली नाही. ‘ब’ म्हणजे उल्काच, दुसरं काय असणार?

आता त्यांनी बाईंपुढे कागद सरकवला. आपली मोजणी चुकली, असं कबूल केलं तर नोकरी राहणार होती. नाहीतर उद्यापासून घरी.

“सही करते साहेब,” बाई म्हणाल्या. “आधी तेवढं पाकीट फोडा.”

संचालक हसले. त्यांनी पाकीट पुढच्या रांगेतल्या वार्ताहर मुलीकडे दिलं. “मोठ्यानं वाचा, म्हणजे बाईंची एकदाची खात्री पटेल.”

मुलगी वाचू लागली.

“अ, उल्का. ब, मुतारीच्या पायरीचा दगड, दळून दिवसभर भट्टीत भाजलेला. यात सजीवाचं काहीही शिल्लक नाही. सापडलंच, तर ते मोजणाऱ्याच्या बोटांचं.”