झिजलेली नळी

पहारेकऱ्याची नोकरी गेली. बायकोला सांगायची छाती होईना, म्हणून दुसऱ्या दिवशी काही घडलंच नाही अशा थाटात तो डबा घेऊन कामावर हजर झाला.

“रायफलच्या नळीतले आटे पार झिजलेत. हजारो गोळ्या झाडल्याशिवाय असं होत नाही,” साहेबांनी कालचंच ऐकवलं.

“एकही झाडली नाही, साहेब. बावीस वर्षं रोज लोखंडी गजाने घासून साफ केली. रविवारी दोनदा.”

“इतकी कशाला?”

“दुसरं काम काय होतं? मला दिलेल्या पाचही गोळ्या शिल्लक आहेत की.”

“म्हणजे बाहेरून आणत होतास. हजारो गोळ्यांनी किती माणसं मेली असतील!”

पहारेकऱ्याने तिथेच अर्ज खरडला: ‘माझ्या गोळ्यांनी मेलेल्यांची यादी पत्त्यांसह मिळावी, म्हणजे प्रत्येकाकडून तो जिवंत असल्याचा दाखला आणून सोबत जोडता येईल, ही नम्र विनंती.’