वीस लाख लोकांसमोर

फ्रीजच्या दारात इन्सुलिनची तीन पेनं होती, तिन्ही न उघडलेली. ओट्यावर जांभूळरसाच्या पाच बाटल्या होत्या, त्यांतल्या चार रिकाम्या.

"आई, इंजेक्शन कधीपासून बंद केलंस?" शलाकानं विचारलं.

"तुझी जाहिरात आल्यापासून. तूच म्हणतेस ना त्यात, या रसानं माझं इन्सुलिन सुटलं म्हणून?"

"अगं, त्यांनी लिहून दिलेलं बोलले मी. मला डायबेटिस तरी आहे का?"

आई समजूतदारपणे हसली. "घरात तू खोटं बोलतेस, ते कळतं मला. पण वीस लाख लोकांसमोर माझी पोर खोटं कशी बोलेल?"

शलाकानं साखर मोजायचं मीटर काढलं. तिनं आईचं बोट धरलं, सुई टोचली आणि रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. आई तोवर जाहिरातीतली वाक्यं म्हणून दाखवत होती.

मीटरवर आकडा उमटला: चारशे अडतीस.